पंच्याहत्तर आणि पंचावन्नच्या मधलं गाव

धुळ्याहून साक्री, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली करत सुरतेला जाणारा रस्ता खानदेशातल्या माणसाला तोंडपाठ असतो. घरटी एक तरी माणूस या रस्त्यानं पोटापाण्यासाठी गेलेला असतो. तो रस्ता सुरतेला संपत नाही. पूर्वी हजीरा–कोलकाता महामार्ग क्रमांक 6 म्हणून ओळखला जाणारा आणि आता राष्ट्रीय महामार्ग 53 असलेला हा रस्ता सुरत मागे टाकून इच्छापोर, कवास, मोरा असा जातो आणि तापीच्या मुखाशी हजीऱ्याला समुद्राला भिडतो. एका अंगाला तापी, दुसऱ्या अंगाला खंभातचं आखात आणि मधल्या चिंचोळ्या भूमीवर देशातला एक मोठा औद्योगिक पट्टा.

वसईच्या पश्चिमेला समुद्रात सापडलेला गॅस जमिनीवर कुठे आणायचा, या प्रश्नाचं उत्तर म्हणून हे सगळं उभं राहिलं. समुद्रतळातून नळ टाकून तो गॅस ओएनजीसीनं हजीऱ्याला आणला आणि तिथून हजीरा–विजयपूर–जगदीशपूर वाहिनी निघाली. गॅस आला म्हणून क्रिभकोचा खत कारखाना आला. मग कवासचं एनटीपीसीचं वीज केंद्र, लार्सन अँड टुब्रोचा अवजड यंत्रांचा कारखाना, रिलायन्सचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, एस्सारचा (आता आर्सेलर मित्तल निप्पॉन स्टीलचा) पोलाद कारखाना, शेलचं द्रवरूप गॅसचं टर्मिनल, अदानींचं बंदर. यातले बहुतेक चोवीस तास चालतात. खत कारखान्याची किंवा भट्टीची रात्री बंद होणारी जात नाही. कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर, पंखे, कन्व्हेयर आणि रस्त्यावर ट्रेलर. दिवसा हा सगळा घोष इतर आवाजांत मिसळून जातो. रात्री बाकीचं थांबतं आणि तो एकटा उरतो.

या पट्ट्याच्या आत आणि कडेला गावं आहेत: हजीरा, मोरा, जुनागाम, सुवाळी, राजगरी, दामका, वांसवा, कवास. ती कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहेत. सुवाळीच्या समुद्रात 1612 साली इंग्रज आणि पोर्तुगीज जहाजांची लढाई झाली, तेव्हाही या किनाऱ्यावर वस्ती होती. म्हणून आवाजाच्या बाबतीत इथे शेजारी कोण आणि शेजारधर्म कोणाचा, हा प्रश्न इमारतीतल्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडापुरता नाही. इथला सर्वांत मोठा शेजारी कधीच झोपत नाही.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण त्यातच खरी गाठ आहे. 1987 साली हवा प्रदूषण कायद्यात दुरुस्ती होऊन 'हवा प्रदूषक' या व्याख्येत आवाजाचा समावेश झाला. त्यानंतर पर्यावरण संरक्षण कायद्याखाली 14 फेब्रुवारी 2000 रोजी ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम आले. या नियमांच्या परिशिष्टात छोटासा तक्ता आहे. औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा 75 डेसिबल आणि रात्री 70. व्यापारी क्षेत्रासाठी 65 आणि 55. निवासी क्षेत्रासाठी 55 आणि 45. शांतता क्षेत्रासाठी 50 आणि 40. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, रात्र म्हणजे दहा ते सहा. कुठलं क्षेत्र कोणत्या गटात बसतं हे राज्य सरकारनं ठरवायचं. मिश्र वस्ती असेल तर तीही या चारांपैकी एका गटात सक्षम प्राधिकाऱ्यानं घालायची.

मिश्र वस्ती चारांपैकी एका गटात! हजीऱ्यासारख्या ठिकाणी हे एक वाक्य माणसाच्या झोपेचा निकाल लावतं. गाव निवासी धरलं तर त्याला रात्री 45 डेसिबलचा हक्क. तेच गाव औद्योगिक पट्ट्याचा भाग धरलं तर 70. फरक पंचवीस डेसिबलचा. ऐकायला हा किरकोळ वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी सरळ नसते. दहा डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते, वीस वाढले की शंभरपट आणि पंचवीस वाढले की तीनशेपटीहून जास्त. कानाला दर दहा डेसिबलला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे त्याच घरात, त्याच खिडकीत, नकाशावरच्या एका रंगामुळे तीनशेपट ऊर्जा कायदेशीर ठरू शकते.

समजा, गाव निवासीच धरलं. तरीही पेच सुटत नाही. उद्योगाला प्रदूषण नियंत्रण मंडळ जी संमती देतं, तिच्यात आवाजाची अट सामान्यतः आवाराच्या हद्दीवर दिवसा 75, रात्री 70 अशी असते. कारखान्याचे अधिकारी कुंपणाशी यंत्र लावतात, आकडा 69 येतो, अहवालात पूर्तता लिहिली जाते. त्यात लबाडी नाही. पण कुंपणाच्या अलीकडे 70 ची मुभा आणि पलीकडच्या घराला 45 चा हक्क, हे दोन्ही एकाच वेळी खरं कसं राहणार? आवाज कुंपणाशी येऊन थांबत नाही.

थोडं गणित करून पाहण्यासारखं आहे. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून येणारा आवाज अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलनं उतरतो. यंत्रापासून कुंपण 100 मीटरवर आहे आणि तिथे रात्री 70 डेसिबल आहेत असं धरा. 200 मीटरवर 64, 400 वर 58, 800 वर 52, 1600 वर 46. म्हणजे 45 चा हक्क मिळायला घर यंत्रापासून जवळजवळ 1800 मीटर दूर हवं. प्रत्यक्षात कारखाना म्हणजे एक बिंदू नव्हे, तो लांबरुंद पसरलेला असतो, त्यामुळे जवळच्या टापूत आवाज याहूनही सावकाश उतरतो. मध्ये इमारती, भिंती असल्या तर तो अडतो. झाडांच्या पट्ट्यानं डोळ्यांना बरं वाटतं, धूळ अडते, पण पाचपन्नास फुटांच्या झाडीनं आवाज फारसा कमी होत नाही. शिवाय हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज वर निघून न जाता खाली वळतो आणि लांबवर पोहोचतो. थंडीत आगगाडीची शिटी दूरवरून ऐकू येते, तेच कारण. हजीऱ्याची काही गावं कुंपणांपासून किती दूर आहेत, हे कोणीही नकाशा उघडून पाहू शकतो. 1800 मीटर तिथे कुठून आणणार?

दुसरी अडचण सरासरीची. नियमातला आकडा हा सबंध काळाचा समतुल्य आकडा आहे, एखाद्या क्षणाचा नाही. रात्रभर 43 डेसिबल आहेत आणि अडीच वाजता एका डंपरचा फाळका आपटला, तीन सेकंद 80 डेसिबल. आठ तासांची सरासरी काढली तर उत्तर 44.8 येतं. मर्यादा 45. कागदावर ती रात्र शांत ठरली. ज्या घरातलं तान्हं मूल दचकून उठलं आणि पुढे तासभर कोणी झोपलं नाही, त्या घराला हा कागद दाखवून काय उपयोग? जागतिक आरोग्य संघटनेनं 1999 सालच्या मार्गदर्शनात झोपण्याच्या खोलीसाठी सरासरी 30 डेसिबलबरोबर एकेका आवाजाच्या शिखरासाठी 45 ही वेगळी मर्यादा सुचवली होती. आपल्या परिशिष्टात शिखराची मर्यादा नाही.

दुसरीकडे हे प्रश्न सोडवण्याचा प्रयत्न झालेला आहे. जर्मनीत कारखान्यांच्या आवाजासाठी 1998 पासून लागू असलेल्या शासकीय निर्देशांत रात्रीच्या एखाद्या क्षणिक आवाजालाही ठरलेल्या आकड्यापेक्षा वीस डेसिबलच्या वर जाता येत नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, उद्योग आणि वस्ती एकमेकांना भिडलेली असतील तर दोघांच्या मधला आकडा शोधायची रीत त्यात लिहिली आहे. कोण आधी आलं, वस्ती किती, तिथला प्रघात काय, हे पाहून तो ठरतो आणि निवासी वस्तीसाठी त्याला वरची कमाल मर्यादा आहे. आपल्या नियमांत हा मधला जिना नाही. आपल्याकडे एक तर हे नाही तर ते. हजीऱ्यासारखे पट्टे महाराष्ट्रातही कमी नाहीत. तारापूर, पाताळगंगा, तळोजा, लोटे, कुरकुंभ, बुटीबोरी. तिथल्या गावांचा प्रश्न हाच आहे.

"औद्योगिक भागात राहता, मग आवाज सहन करायलाच हवा," असं सर्रास ऐकवलं जातं. कायद्यानं हे मान्य केलेलं नाही. 1978 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे पिठाच्या गिरणीचं प्रकरण आलं होतं. वस्ती आधीच गोंगाटाची होती. तरीही न्यायालयानं म्हटलं, की गोंगाटाच्या वस्तीतही एखाद्या यंत्रामुळे आवाजात मोठी भर पडून शेजाऱ्याच्या शारीरिक स्वास्थ्यावर परिणाम होत असेल, तर कायमचा मनाई हुकूम देता येतो. वस्ती गोंगाटाची आहे, एवढ्यानं शेजाऱ्याचा हक्क बुडत नाही.

आवाजाच्या बाबतीत हजीऱ्याला आणखी एक पैलू आहे, आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. 24 सप्टेंबर 2020 च्या पहाटे तीनच्या सुमारास ओएनजीसीच्या हजीरा प्रकल्पात लागोपाठ तीन स्फोट झाले आणि आग लागली. आवाज काही किलोमीटरपर्यंत गेला, भूकंप झाला असं समजून लोक घराबाहेर पडले. सुदैवानं कोणी दगावलं नाही. घातक रसायनं हाताळणाऱ्या कारखान्यांसाठी 1989 पासून जे नियम आहेत, त्यांत आसपासच्या लोकांना अपघाताचं स्वरूप, धोक्याची सूचना आणि त्या वेळी काय करायचं हे आधी सांगून ठेवणं बंधनकारक आहे. ती सूचना बहुधा भोंग्यानं मिळते. भोंगा ऐकू येण्यासाठी त्याच्याभोवती शांतता लागते. ज्या गावाचा कान रात्रंदिवस घरघर, हॉर्न आणि स्पीकर ऐकून मरून गेलेला आहे, त्याला खरा भोंगा कसा ओळखू येणार?

सर्वोच्च न्यायालयातल्या ज्या खटल्यावर आज देशातला सगळा ध्वनिकायदा उभा आहे, त्याचं मूळही अशाच एका न ऐकल्या गेलेल्या आवाजात आहे. दिल्लीत तेरा वर्षांच्या एका मुलीवर बलात्कार झाला. शेजारी लाऊडस्पीकरवर मोठ्यानं गाणी चालू होती, म्हणून तिच्या किंकाळ्या कोणाच्या कानी पडल्या नाहीत. ती बातमी वाचून अनिल कुमार मित्तल या अभियंत्यानं 1998 मध्ये याचिका केली. 18 जुलै 2005 रोजी सरन्यायाधीश रमेशचंद्र लाहोटी आणि न्यायमूर्ती अशोक भान यांनी तिच्यावर निकाल दिला. शांततेत जगणं हा घटनेच्या 21व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. बोलण्याचं स्वातंत्र्य आहे, पण न ऐकण्याचंही आहे. कोणालाही सक्तीचा श्रोता करता येणार नाही. त्या निकालाकडे आपण उत्सवांवरच्या बंधनांचा निकाल म्हणून पाहतो. मी तो त्या मुलीचा निकाल म्हणून वाचते.

आता कारखान्यांच्या कुंपणावरून वस्तीत येऊ.

मोरा आणि आसपासच्या गावांत कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या ओळी आहेत. बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, झारखंड आणि खानदेश इथून आलेले, ठेकेदाराकडे काम करणारे हे लोक. खोली म्हणजे दहा बाय दहा, वर पत्रे, एकेरी विटेची भिंत, दार गल्लीत उघडणारं. एका खोलीत तिघं-चौघं, तेही वेगवेगळ्या पाळ्यांचे. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आंघोळ करून, दोन घास खाऊन आडवा होतो, तेव्हा शेजारच्या खोलीचा दिवस सुरू झालेला असतो. पिंपात पाणी भरलं जात असतं, कोणाच्या मोबाईलवर मोठ्यानं रील चालू असतं, भंगारवाल्याची आरोळी रेकॉर्ड होऊन छोट्या स्पीकरमधून गल्लोगल्ली फिरत असते, पत्र्यावर मुलांचा चेंडू पडतो. अशा झोपेवर तो माणूस रात्री पुन्हा गॅसच्या वाहिनीशी, क्रेनखाली किंवा भट्टीपाशी उभा राहतो.

आपल्या नियमांना हा माणूस ठाऊक नाही. नियमांची रात्र दहा ते सहा. त्याची रात्र सकाळी आठ ते दुपारी तीन. त्या वेळात निवासी वस्तीला 55 डेसिबल हा सर्वसाधारण आकडा लागू आहेच, पण रात्रीची जी खास बंधनं आहेत, स्पीकर नाही, वाद्य नाही, हॉर्न नाही, बांधकामाची गोंगाट करणारी यंत्रं नाहीत, फटाके नाहीत, त्यांतलं एकही त्याच्या झोपेला मिळत नाही. देशभर कारखाने, रुग्णालयं, रेल्वे, कॉल सेंटर, पोलीस ठाणी रात्रपाळीवर चालतात. तरी दिवसा झोपणाऱ्या माणसाचा हक्क कुठेच स्वतंत्रपणे लिहिलेला नाही, ही मोठी उणीव आहे. ती भरून काढायला हजीऱ्याइतकी योग्य जागा दुसरी नाही.

तोवर जे हातात आहे ते वापरलं पाहिजे. 2010 च्या दुरुस्तीनं खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेवर बंधन आलं: त्या जागेच्या हद्दीवर आवाज त्या क्षेत्राच्या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. म्हणजे निवासी वस्तीत दिवसा 60 आणि रात्री 50. घरातला साऊंडबार, गच्चीवरची पार्टी, दुकानदाराचा स्पीकर, सगळं यात आलं. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर दहा डेसिबलची वाढ किंवा 75, यांपैकी जे कमी असेल ते. क्षेत्राची मर्यादा दहा किंवा त्याहून अधिक डेसिबलनं ओलांडली गेली तर नियम 7 खाली कोणीही तक्रार करू शकतं. रात्रीची बंधनं मोडली असतील, तर तक्रारीसाठी आकड्याचीही गरज नाही. रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकर चालू आहे, एवढं पुरेसं आहे. मोबाईलवरच्या ॲपमधला आकडा पुरावा म्हणून टिकणार नाही, पण तक्रार करायला तो लागतही नाही. मोजणं ही यंत्रणेची जबाबदारी आहे.

याशिवाय 1951 चा मुंबई पोलीस कायदा आहे. गुजरात आणि महाराष्ट्र एका राज्यात होते तेव्हाचा हा कायदा आजही दोन्हीकडे, गुजरात पोलीस कायदा आणि महाराष्ट्र पोलीस कायदा या नावांनी चालतो. त्याच्या 38व्या कलमाखाली, आसपास राहणाऱ्यांना त्रास होतो असं दिसल्यास पोलीस आयुक्त किंवा अधीक्षक संगीत, वाद्य किंवा गोंगाट थांबवण्याचा वा त्यावर बंधनं घालण्याचा लेखी आदेश देऊ शकतात. त्याला रात्र-दिवसाची अट नाही. रात्रपाळीच्या माणसाला आजच्या घडीला हे कलम सर्वांत उपयोगाचं आहे. हजीऱ्याचं पोलीस ठाणं सुरत शहर पोलीस आयुक्तालयात येतं, म्हणजे आदेश काढणारा अधिकारी शहरातच बसलेला आहे.

मुलांच्या आवाजाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. खेळणाऱ्या मुलांचा गलका आणि डीजेची भिंत यांना एका मापानं मोजू नये. जर्मनीनं 2011 मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पाळणाघरं आणि खेळाच्या मैदानांतून येणारा मुलांचा आवाज सर्वसाधारणपणे हानिकारक मानायचा नाही, असं ठरवलं. मोऱ्याच्या गल्लीत मुलांना खेळायला दुसरी जागा नाही. त्यांना गप्प करून रात्रपाळीची झोप मिळवू नये. घरमालकांनी पत्र्याखाली छत घालावं, दिवसा झोपणाऱ्यांच्या खोल्या मागच्या ओळीत द्याव्यात, कंपन्यांनी ठेकेदारांच्या कामगारांसाठी वसतिगृहं बांधावीत. हे सगळं शक्य आहे. कंपन्यांच्या वसाहती पाहा: झाडी, रुंद रस्ते, आत हॉर्नला बंदी. शांत राहणी कशी असते हे उद्योगांना चांगलं माहीत आहे. ती कायम नोकरीवाल्यांपाशीच थांबू नये, इतकंच म्हणणं आहे.

आणि आता आपण मराठी माणसं. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा, नवागाम या सुरतेच्या भागांत खानदेशी माणसांची मोठी वस्ती आहे. सुरतेचा गणेशोत्सव त्यांनी वाढवला. तापीत विसर्जन बंद झाल्यावर महापालिकेनं लहान मूर्तींसाठी कृत्रिम तलाव केले आणि मोठ्या मूर्ती समुद्राकडे जाऊ लागल्या. त्यांतल्या पुष्कळ हजीऱ्याला जातात. अनंत चतुर्दशीला शहरातून निघालेले ट्रक आणि ट्रेलर इच्छापोर, मोरा ओलांडत बंदराच्या बाजूला रांग लावतात आणि ती रांग मध्यरात्र उलटली तरी हलत असते. क्रेननं मूर्ती उतरवायची, नंबर लागेपर्यंत थांबायचं. थांबलेल्या ट्रकवरचा स्पीकर मात्र थांबत नाही. दहा दिवस शहरात झालेला आवाज शेवटच्या रात्री या गावांच्या दारात गोळा होतो. तिथले कोळी, शेतकरी, कामगार यांनी ना तो गणपती बसवला, ना वर्गणी दिली.

वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सण-उत्सवांसाठी दहाऐवजी बारापर्यंत स्पीकरला परवानगी देण्याचा अधिकार राज्याला आहे. 28 ऑक्टोबर 2005 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती तरतूद वैध ठरवली. गुजरातेत यातले दिवस नवरात्रीतही जातात. पण ही सवलत वेळेची आहे, आवाजाची नाही. बारापर्यंत परवानगी म्हणजे बारापर्यंत हवा तेवढा आवाज असं नव्हे. डेसिबलची मर्यादा तेव्हाही तीच असते. आणि बारानंतर काहीच परवानगी नाही. सार्वजनिक गणेशोत्सव ही आपण या देशाला दिलेली गोष्ट आहे असं आपण अभिमानानं सांगतो. मग परक्या गावाच्या वेशीवर तो कसा वागतो, याचीही जबाबदारी आपलीच. सुरतेतल्या मराठी मंडळांनी ठरवलं, की इच्छापोरच्या पुढे ट्रकवरचा स्पीकर बंद आणि टाळ-झांजा तेवढ्या चालू, तर कोणाची आडकाठी येणार? कोल्हापूर-साताऱ्याकडे 'डॉल्बीमुक्त' उत्सवाच्या मोहिमा झाल्या. काही मंडळांनी ऐकलं, काहींनी नाही. पण ज्यांनी ऐकलं त्यांचा गणपती काही कमी झाला नाही.

महाराष्ट्रात आवाजाविरुद्धच्या या लढाईला चार दशकांचा इतिहास आहे, आणि ती प्रामुख्यानं डॉक्टरांनी आणि रहिवाशांनी लढवली. मुंबईचे डॉ. यशवंत ओक ऐंशीच्या दशकापासून उच्च न्यायालयात जात राहिले. आवाज फाउंडेशनच्या सुमैरा अब्दुलअली सणासुदीच्या रात्री यंत्र घेऊन रस्त्यावर उभ्या राहिल्या आणि त्यांनी आकडे जाहीर केले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर ऑगस्ट 2016 मध्ये न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं सविस्तर निकाल दिला: कोणत्याही धर्माला लाऊडस्पीकरचा हक्क नाही, पोलिसांनी ध्वनिमापक यंत्रं घ्यावीत, फोनवर, संदेशानं, निनावी आलेली तक्रारही नोंदवावी. पुढच्याच वर्षी, 10 ऑगस्ट 2017 रोजी, केंद्रानं नियम बदलून शांतता क्षेत्रं सरकारनं जाहीर केल्याशिवाय लागू होणार नाहीत अशी व्यवस्था केली. रुग्णालय, शाळा, न्यायालयाभोवतीचं शंभर मीटरचं जे संरक्षण आपोआप होतं, ते सरकारच्या अधिसूचनेवर अवलंबून राहिलं. ही दुरुस्ती चुकीची होती असं माझं स्पष्ट मत आहे.

23 जानेवारी 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयानं कुर्ल्याच्या नेहरूनगरमधल्या रहिवाशांच्या याचिकेवर निकाल दिला. न्यायमूर्ती अजय गडकरी आणि श्याम चांडक यांनी पोलिसांना सांगितलं, की तक्रारदाराची ओळख पटवत बसू नका आणि ती उघड तर मुळीच करू नका. पहिल्यांदा समज द्या, पुन्हा झालं तर दंड करा, तरीही झालं तर यंत्रणा जप्त करा. तक्रारदाराची ओळख उघड न करण्याचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या आवाजाविरुद्ध माणूस गप्प राहतो तो कायदा माहीत नसल्यामुळे कमी आणि "तक्रार कोणी केली?" हा प्रश्न गल्लीत फिरेल या भीतीनं जास्त. परक्या राज्यात भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तर ही भीती दुप्पट; घरमालकानं खोली खाली करायला सांगितली तर जाणार कुठे? हा निकाल गुजरातेत बंधनकारक नाही, पण तिथल्या पोलीस आयुक्तांना तोच शिरस्ता घालून द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.

शिक्षेबद्दल थोडक्यात. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली पूर्वी पाच वर्षांपर्यंत कैद होती. जनविश्वास कायद्यातल्या बदलांनंतर 1 एप्रिल 2024 पासून कैदेच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड आला, तोही न्यायनिर्णय अधिकाऱ्यानं ठरवायचा. भारतीय न्याय संहितेत सार्वजनिक उपद्रवाला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. एका रात्रीचं डीजेचं भाडं याच्या कितीतरी पट असतं.

हजीऱ्यासाठी काय व्हायला हवं ते अवघड नाही. या पट्ट्यातली गावं नकाशावर स्पष्टपणे निवासी म्हणून जाहीर करावीत आणि आवाज कारखान्याच्या कुंपणावर नव्हे, गावाच्या शेवटच्या घरापाशी मोजावा. मोठ्या उद्योगांना धुराचे आणि सांडपाण्याचे आकडे सतत प्रदूषण मंडळाकडे पाठवणारी यंत्रं बसवावी लागतात. तसंच एक यंत्र गावात बसवायचं आणि रात्रीचे आकडे, सरासरी आणि शिखर दोन्ही, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचे. केंद्रीय मंडळानं 2011 मध्ये देशातल्या सात महानगरांत आवाज मोजणारं जाळं सुरू केलं. त्या सातांत मुंबई आहे, सुरत नाही. मोजलंच नाही तर वाद कशावर घालणार? नियमित होणारी मोठ्या आवाजाची कामं, वाफ सोडणं, भोंग्याची चाचणी, यांची वेळ गावाला आदल्या दिवशी कळवावी. यासाठी कायद्यात बदलही लागत नाही. संमतीपत्रात एक अट वाढवली की झालं.

आणि दिवाळीच्या निमित्तानं वाचकांना एक सांगणं. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नानानंतर पहिला फटाका वाजवण्याची आपली रीत आहे. पण रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायला नियमांनी बंदी आहे, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा एवढीच वेळ ठेवली होती. तेव्हा यंदा पहाटे उटणं लावा, पणत्या लावा, कारिट फोडा, फटाका मात्र वाजवू नका. तुमच्या शेजारी कोणी रात्रपाळीचं असेल तर त्याला एकदा विचारा, बाबा, तू कधी झोपतोस. आणि तुम्हालाच त्रास होत असेल तर गप्प बसू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, एक प्रत आयुक्तांना किंवा जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा आणि अर्जात वेळ, जागा, तारीख लिहा. ती तक्रार नोंदवून घेणं हे त्यांचं काम आहे.